नानांची बाजू मांडायला पिंपळनेरला

जामनेरच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणे हा माझा व्यवसाय आहे. शिक्षण सातवीवर थांबले असले, तरी माझ्या मसुद्याने अडलेली कामे मार्गी लागतात, असे तालुक्यात बोलले जाते. म्हणूनच पिंपळनेरहून अक्काचा फोन येताच मी टेबल आवरले आणि जळगावची एसटी धरली. अक्का म्हणजे माझी काकू. तिचे म्हणणे थोडक्यात असे: नानांची स्मृती गेली आहे. प्रार्थना आठवत नाही, कधी प्रभूचे नावही आठवत नाही. 'मी त्याला विसरलो, आता तो मला घेणार नाही,' असे म्हणून ते रडतात आणि ताट बाजूला सारतात.

हे नाना माझे काका. आयुष्यभर सायकलीवरून पाड्यापाड्यांत शुभवर्तमान सांगत हिंडलेले. माझे शाळेचे दिवस त्यांच्याच घरी गेले. "माझे तारण झाले आहे, हे माणसाला छातीवर हात ठेवून म्हणता आले पाहिजे," असे ते सांगत. त्याच माणसाची खात्री अखेरीस डळमळावी, हे मला सहन होईना. त्यांची बाजू देवापुढे मीच मांडायची, असे मी ठरवले.

जळगावपर्यंत दोन्ही अंगांना केळीच्या बागा. स्थानकाबाहेर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर भरीत खाल्ले आणि धुळ्याची गाडी पकडली. धुळ्याला पिंपळनेरच्या गाडीसाठी ही गर्दी! मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आत जाऊन पाहतो तो एक धिप्पाड शेतकरी रुमालावरच बसलेला.

"भाऊ, खाली माझा रुमाल आहे."

"शे ना," तो म्हणाला. "पन त्यानं तिकीट काढेल शे का?" (आहे ना. पण त्याने तिकीट काढले आहे का?)

सारी गाडी हसली. मग त्यानेच सरकून मला निम्मी जागा दिली आणि साक्रीपर्यंत कांद्याच्या रोपाविषयी ऐकवले.

साक्रीपुढे डोंगर जवळ येऊ लागतात. टेकड्यांवर आता पवनचक्क्या फिरतात. माझ्या लहानपणी तिथे नुसते गवत होते आणि उतारावर नानांच्या सायकलीमागे मी त्यांचा सदरा घट्ट धरून बसलेला असे. पिंपळनेरला उतरलो तेव्हा चुलींचा धूर पसरला होता. देवालयाच्या पडवीत घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा मात्र तसाच होता. तो वाजवायला मिळावा म्हणून आम्ही मुले रविवारी भांडत असू.

नाना ओट्यावर बसले होते. खूप वाळले होते. मी पाया पडलो. त्यांनी नुसते पाहिले. वेळ न दवडता मी डोळे मिटले, हात जोडले आणि वाटेत मनाशी रचलेली प्रार्थना सुरू केली. "हे सर्वसमर्थ प्रभो, आपल्या चरणी सविनय सादर करण्यात येते की, या आपल्या सेवकाने उन्हापावसात गावोगावी आपले वचन पोचवले, देवालयाच्या भिंती स्वतः सारवल्या, ज्यांना खांदा द्यायला कोणी नव्हते त्यांना खांदा दिला. सबब याचा विचार होऊन..."

नाना हुंदके देऊ लागले. "हाई बठ्ठं मी कयं? माले तं काहीच याद नही. मंग मनं कसं व्हई?" (हे सगळं मी केलं? मला तर काहीच आठवत नाही. मग माझं कसं होईल?)

मी थबकलो. इतका भक्कम मजकूर आणि त्याने भीती वाढली होती.

अक्का भाकरी टाकून बाहेर आली. "अरे भाऊ, देवले कचेरीमा उभा करस का? ऱ्हाऊ दे." मग ती नानांसमोर बसली. "हाऊ कोन शे, सांगा."

नानांनी मला निरखले. "पाव्हना शे."

"नाव काय याचं?"

"माहीत नही."

अक्का शांत होती. "तुमले हाऊ याद नही. तरी जामनेरथून तीन गाड्या बदलीसन उना ना? तुम्ही याले याद शेतस, म्हनीसन उना. मंग येशू का याना पेक्षा बी कच्चा शे?" (तुम्हाला हा आठवत नाही. तरी जामनेरहून आला ना? तुम्ही याच्या लक्षात आहात, म्हणून आला. मग येशू काय याच्याहूनही कच्चा आहे?)

नानांनी विचारले, "मी इसरी गऊ, तरी?"

"तरी."

ते हसले, दात नसलेल्या तोंडाने. मग नागलीची (नाचणीची) भाकरी उडदाच्या डाळीत कुस्करून जेवले आणि मला म्हणाले, "पाव्हना, तू बी जेवी ले."

सकाळी त्यांना काही आठवत नव्हते. पुन्हा तीच भीती, तेच पाणावलेले डोळे. अक्का चूल पेटवत होती, म्हणून या वेळी मी त्यांचा हात धरून सांगितले, "नाना, मी आलो ना? तसाच तो." त्यांनी चहा घेतला. अक्का म्हणाली, आता हेच ती रोज सांगेल, आणि रोज ते नव्याने खूश होतील.

परतीच्या गाडीत पारोळ्यापुढे ऊन उतरले. मी प्रार्थनेसाठी डोळे मिटले. सवयीने कारणे सुचू लागली: रविवार चुकवले नाहीत, अमुक केले, तमुक सोसले. ती मी सोडून दिली आणि केवळ माझे नाव सांगितले. मग लक्षात आले, तेही सांगायची गरज नव्हती.