शिकलगारांच्या बारा काचा

दुपारचे अडीच वाजलेत. डबा खाऊन झालाय, काचा धुवायच्या झायलीनचा उग्र वास बोटांना अजून तसाच आहे, आणि डॉ. वैजयंता काकिर्डे मायक्रोस्कोपशेजारी हातावर डोकं टेकवतात. पाचच मिनिटं, असं त्या स्वतःला बजावतात. पंख्याचा आवाज अगदी कानाशी येतो, मग लांब लांब जातो.

बाई मिरजेतल्या एका इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट आहेत. स्तनातल्या गाठींवर एक शोधनिबंध लिहितायत. गाठीला आवर घालणारं एक प्रथिन पेशींत असतं. काचेवरच्या नमुन्यात ते असलं, तर तपकिरी रंग धरतो. रंग दिसला की आजार सहसा पसरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. फक्त बारा बायका त्यात बसत नाहीत. रंग गडद, तरी आजार हाडांत आणि फुप्फुसांत गेला. ह्या बाराही काचा रमजान शिकलगारांनी रंगवलेल्या. एकतीस वर्षं ते इथं तंत्रज्ञ होते, शेवटच्या वर्षी त्यांचे हात थरथरायचे, आणि चार महिन्यांपूर्वी हृदयविकारानं गेले. आज सकाळीच बाईंनी निबंधात एक वाक्य टाकलंय : ‘या बारा नमुन्यांत रंगवण्याची चूक झाली असावी.’ तसं लिहिलं की सगळं जुळतं. आणि गेलेला माणूस काय बोलायला येतो थोडाच.

"उठू नका मॅडम, पडा जरा."

शिकलगार समोर उभे आहेत. कोटाची सगळी बटणं लावलेली. जिवंतपणी ते एकही लावायचे नाहीत. बाईंना तिथंच संशय येतो.

"आत कसे आलात? मी कडी घातली होती."

"ह्या दाराची न् माझी जुनी ओळख आहे की."

"हात दाखवा."

ते खिशातून हात काढतात. बोटं स्थिर आहेत. ते बघून बाईंना बरं वाटायला हवं, पण संशय वाढतोच.

"थरथर कुठं गेली?"

"आता कशाला थरथरतील?" ते हसतात आणि काचांचा ट्रे उचलून चालू लागतात.

बाई मागोमाग जातात. ट्रे नजरेआड होऊ द्यायचा नाही. कॉरिडॉर संपत नाही, आणि आता ती सतारमेकर गल्ली आहे. दोन्ही बाजूंना सतारीचे भोपळे टांगलेत, पॉलिशनं चकाकणारे, तपकिरी. शिकलगारांच्या हातात ट्रे नाही.

"काचा कुठं लपवल्यात?"

"ह्याच की ह्या." ते एका भोपळ्यावर टिचकी मारतात. "रंग चढलाय का न्हाई, सांगा."

"चढलाय."

"मग चूक कुठली?"

"रंग चढला आणि तरी आजार पसरला. म्हणजे रंगच खोटा. नमुन्यांची अदलाबदल झाली आणि तुम्ही घाबरून गप्प बसलात."

ते चिडत नाहीत. चिडले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. ते नुसतेच वाकतात, करवतीनं भोपळा अर्धा कापतात आणि बाईंपुढं धरतात. साल तपकिरी आहे. आतली पोकळी फिकट निळी, स्वच्छ, कुणी बोटही न लावल्यासारखी.

"आत बघितलं का, मॅडम?"

"विषय बदलू नका."

"न्हाई बदलत."

गल्लीच्या टोकाला बाह्यरुग्ण विभागाचं बाकडं आहे. त्यावर प्रणिता मगदूम बसलीय. अडतीस वर्षांची, शाळेत शिकवणारी, मांडीवर रिपोर्ट. काल बाईंनीच तिला सांगितलं होतं, रंग छान आहे, काळजी करू नका. तिला केमो द्यायची नाही, स्कॅनही नको, असं त्यावरूनच ठरलं. ती आता वर बघत नाही.

"हिची काच कुणी रंगवली?" शिकलगार विचारतात.

"मशीननं. नवीन मशीन आलंय."

"म्हणजे मी न्हाई." ते बाईंकडे रोखून बघतात. पहिल्यांदाच त्यांच्याही नजरेत संशय आहे. "हिच्या वेळी कुणाची चूक लिहिणार?"

बाई तोंड उघडतात आणि जाग येते.

तीनला वीस मिनिटं कमी. कडी आतून घातलेलीच. मायक्रोस्कोपखाली मगदूमची काच आहे, आणि काचेवर तेलाचा एक गोल, ओला थेंब. सर्वांत मोठ्या भिंगाला लागतं ते तेल. बाई रंग छोट्या भिंगातून बघत आल्या. गडद की फिका, एवढंच ठरवायचं असायचं. हे तेल त्यांनी कित्येक महिन्यांत वापरलेलं नाही.

त्या मोठं भिंग फिरवून थेंबावर टेकवतात आणि डोळा लावतात.

पेशीपेशीत तपकिरी रंग आहे. पण तो भोवताली. मधलं केंद्रक निळं, तपकिरीपासून कोरं. प्रथिन आहे, पण जिथं बसून ते पेशीला आवर घालतं, तिथं ते नाही.

बाई सर्जनना फोन लावतात. "मगदूमचा रिपोर्ट परत घ्या. लगेच स्कॅन करा, केमोचं पुन्हा ठरवू."

"काल तर तुम्ही म्हणालात, रंग छान आहे."

"छान आहे. चुकीच्या जागी आहे. ते मी बघितलं नव्हतं."

उरलेल्या काचांसाठी त्या कपाटातून तेलाची एकमेव बाटली काढतात. बाटलीचं सील शाबूत आहे. त्या ते फोडतात.

पाच वाजेपर्यंत शिकलगारांच्या बाराही काचा बघून होतात. बाराहींत केंद्रक कोरं. रंग मात्र एकाही काचेवर इकडचा तिकडं नाही. इतकं नेटकं काम मशीनलाही जमलेलं नाही. बाई निबंध उघडून सकाळचं वाक्य खोडतात आणि तिथं लिहितात : ‘वाचण्यात माझी चूक झाली होती.’

मग त्या मऊ कागदानं एकेक काच पुसून ठेवतात. मगदूमची तेवढी पुसत नाहीत. तिच्यावर तेल अजून ओलं आहे.