पाठ दिसेनाशी होईपर्यंत

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे लांबडी म्हणायचे. कमरेच्या खाली ही बाई संपतच नाही, असं घडी विभागातल्या बायका म्हणायच्या, त्यावरून ते नाव पडलं होतं. कापून आलेल्या पुठ्ठ्याला घड्या घालून समोर सरकवायचा, हे तिचं काम. समोर भिंगरी बसायची. ती कडेला डिंक लावून खोकं उभं करायची. दिवसभर एकीच्या हातातून दुसरीच्या हातात पुठ्ठे जायचे, आणि वर्षातून एकदा, कारखान्यांच्या शर्यतींत, दोघी पाच हजार मीटर धावायच्या.

साडेबारा फेऱ्यांची ती शर्यत. बारा फेऱ्या लांबडी पुढे असायची आणि भिंगरी तिच्या पाठीला चिकटलेली. शेवटच्या वळणावर भिंगरी बाजूने निघायची. ठेंगणी, आखूड पायांची बाई, पण तिथे तिला काय व्हायचं कोण जाणे. लांबडीला नुसता तिचा वारा लागायचा. मग समोर तिचे टाचा उडवत जाणारे पाय दिसायचे आणि शर्यत संपायची. ओळीने तीन वर्षं हेच झालं. जिंकणारीला वर्षभर सरावासाठी अर्धी पाळी सुट्टी मिळायची. त्यामुळे दुपार झाली की भिंगरी ॲप्रन काढून मैदानावर जायची आणि लांबडीच्या समोर एक झोपाळू बदली बाई येऊन बसायची. तिच्या हाताला डिंक कमी आणि ॲप्रनला जास्त लागायचा.

लांबडीचे वडील त्याच कारखान्यात कापणी यंत्रावर होते. निवृत्त झाले तेव्हा हाताची सगळी बोटं शाबूत होती, आणि मुलीपेक्षा त्यांना त्या बोटांचा अभिमान जास्त होता. तरुणपणी तेही धावत. शेवटी कुणीतरी त्यांनाही मागे टाकायचंच.

तिसऱ्यांदा हरून ती घरी आली. ताट पुढ्यात आलं तेव्हा बाबांनी विचारलं, "वारा होता का गं आज मैदानावर?"

"होता."

"मग बरं झालं. छत्री चांगली मिळाली तिला."

"जेवू द्या तिला," आई म्हणाली.

"जेवू दे की. छत्रीला काय, काम झालं की मिटून कोपऱ्यात."

लांबडी रडली नाही. घास गिळला आणि म्हणाली, "मग सांगा ना काय करू. नुसतं टोचू नका."

बाबा याचीच वाट बघत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं. "हे बघ. शेवटच्या दोनशे मीटरला तू तिला या जन्मात हरवणार नाहीस. ते डोक्यातून काढ. तिच्या पायात जे आहे ते तिथपर्यंत पोचूच द्यायचं नाही. वाटेतच सांडवायचं, थोडं थोडं. एकसारखं पळतेस म्हणून तिचं फावतं. ती मागे आरामखुर्चीत बसल्यासारखी येते. तिला बसू देऊ नकोस. श्वास लागला, बरं वाटायला लागलं, की मार एक जोराची मुसंडी. ती पोचली, सुटलो म्हणाली, की पुन्हा."

"आणि मीच दमले तर?"

"दमशीलच. दोघींनी दमायचं, पण कधी ते तू ठरवायचं. आणि वारा बघ. तोंडावर असेल तिथे हळू जा, तिथे तिला तुझा आडोसा मिळतो. पाठीशी असेल तिथे मार. तिथे आडोसा कुणालाच नसतो." मग बोटं चाटत त्यांनी शेवटचं सांगितलं, "आणि तिला कुठे दुखतं ते शोध. प्रत्येकाला कुठेतरी दुखतंच."

दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटली की ती मैदानावर जायची. बाबा कुंपणाजवळ एक खोकं उपडं घालून त्यावर बसायचे, तोंडात शिट्टी. शिट्टी वाजली की सगळं अंग झोकून पळायचं, पुन्हा वाजेपर्यंत. कधी वाजेल ते त्यांनाही माहीत नसायचं. एकदा ते कुणाशी तरी गप्पा मारत बसले आणि ती अख्ख्या दोन फेऱ्या जिवाच्या आकांताने पळत राहिली. ओकारी आली. "विसरलो बघ," ते म्हणाले. "पण पळलीस ना? म्हणजे येतं तुला."

दुखरी जागा शोधण्यासाठी ती जेवणाच्या सुट्टीत भिंगरीच्या शेजारी डबा घेऊन बसायला लागली. इतकी वर्षं समोरासमोर काम करून दोघी फारशा बोलल्या नव्हत्या. यंत्रांच्या आवाजात बोलणार तरी काय? पहिल्या दिवशी लांबडी बसली ती मतलबाने. पण भिंगरी मुकादमाची नक्कल करायची, पोट पुढे काढून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, "बाई, हे खोकं आहे की पापड?" आणि लांबडीला घास तोंडात धरून हसावं लागायचं. दोन आठवड्यांनी भिंगरी तिच्यासाठी बाकावर जागा धरायला लागली. लांबडीला ती आवडायला लागली होती. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एकदा वीज गेली आणि यंत्रं थांबली. दोघी मागच्या पायऱ्यांवर पुठ्ठ्याच्या कातरणांच्या गठ्ठ्यांना टेकून बसल्या. लांबडीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू कायम माझ्या मागेच का पळतेस गं? पुढे जायची इच्छा नाही होत?"

"नाही बाई. मला समोर कुणाची तरी पाठ लागते. पाठ दिसली की पळता येतं. ती लांब गेली की पायच जड होतात. लहानपणापासून तसंच." भिंगरी कातरणाचा एक तुकडा बोटाला गुंडाळत होती. "आईनं मला मावशीच्या दारात सोडलं ना, तेव्हा मी तिच्यामागे धावले होते. वळणापर्यंत. मला वाटलं, बघेल. वळून बघितलं असतं तर तिला जाता आलं नसतं, असं मावशी म्हणते. पण नाही बघितलं." मग ती हसली. "तेव्हा पाय आखूड होते गं. आताचे असते तर शेवटच्या वळणावर गाठलंच असतं."

लांबडीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात खरा होता. पण पाठ लांब गेली की पाय जड होतात, हे वाक्य घरी पोचेपर्यंत ती मनात घोळवत राहिली, आणि घरी पोचल्यावर तिने ते बाबांना सांगितलं. आईचं मात्र सांगितलं नाही.

"झालं तर मग," बाबा म्हणाले. "पाठ दिसेनाशी कर."

शर्यतीच्या दिवशी ऊन होतं आणि वारा होता. मागच्या सरळ पट्ट्यावर तो पाठीशी यायचा, प्रेक्षकांसमोरच्या पट्ट्यावर तोंडावर. पहिल्या चार फेऱ्या लांबडी नेहमीसारखी पळाली. भिंगरी मागे येऊन बसली. पाचव्या फेरीला, मागच्या पट्ट्यावर पाऊल पडताच, लांबडीने मुसंडी मारली. भिंगरीला वाटलं, चुकून पाय उचलला असेल. दहा पावलं मागे राहिली आणि मग धावत येऊन चिकटली. समोरच्या पट्ट्यावर लांबडी इतकी हळू झाली की बाकीच्या बायकाही जवळ आल्या. भिंगरीचा श्वास ऐकू येत होता. फाटलेला होता, मग हळूहळू शिवला गेला. शिवला गेल्याबरोबर लांबडीने पुन्हा मारली.

प्रत्येक फेरीत ती तेच करत राहिली, पण एकाच जागी नाही. कधी वळणाच्या आधी, कधी वळण संपता संपता. बाकीच्या बायका केव्हाच मागे पडल्या. लांबडीच्या स्वतःच्या छातीत निखारे पेटले होते, मांड्या दगडाच्या झाल्या होत्या. पण मागचा श्वास आता शिवला जात नव्हता. प्रत्येक वेळी भिंगरी पोचायची, पण आधीपेक्षा उशिरा, आणि पोचल्यावर तिच्या घशातून एक बारीक आवाज यायचा, दारात अडकलेल्या मांजरीसारखा.

नवव्या फेरीत लांबडीला कळलं, हिचं संपलं. आता पुढचा एक झटका, की पाठ लांब जाणार, आणि लांब गेली की ही येणार नाही. तिला हे तितकंच स्पष्ट माहीत होतं, जितकं घडी कुठे मोडते ते हाताला माहीत असतं. नुसतं पळालं असतं तरी पुरलं असतं. भिंगरी खांद्याजवळ होती, तोंड उघडं, डोळे लांबडीच्या पाठीवर.

लांबडीने मान किंचित तिरकी केली आणि म्हणाली, "तुझी आई वळली नाही. मीही वळणार नाही."

आणि मारली.

पुढच्या फेरीला अंतर तीस मीटर होतं, त्याच्या पुढच्या फेरीला अर्धा पट्टा. भिंगरी शेवटच्या दोन फेऱ्या हात खाली सोडून चालत-धावत आली. बायका तिला ओलांडून गेल्या. ती शेवटून दुसरी आली आणि रेघ ओलांडल्यावर थांबलीच नाही. मैदानाच्या दारातून तशीच बाहेर गेली, बूट न बदलता.

लांबडीला लोकांनी उचललं. मुकादमाने स्वतः पाण्याचा पेला दिला. घरी जाताना बाबा दोन पावलं पुढे चालत होते.

"बोलला नाहीत काही," ती म्हणाली. "जिंकले ना मी?"

"जिंकलीस." थोडं चालून ते म्हणाले, "तिला काय म्हणालीस? मान वळली होती तुझी. ओठ हलले."

तिने सांगितलं. सांगताना तिला वाटलं, ते हसतील. शाबास तरी म्हणतील.

बाबा रस्त्यात उभे राहिले. "तेव्हा ती संपली होती. मला कुंपणावरून दिसत होतं. तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग कशाला?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, कुठे दुखतं ते शोध!"

"अगं पायात!" बाबा ओरडले. "पायात, बरगडीत, पोटात! मी पळण्याबद्दल बोलत होतो!"

त्यानंतर घरी त्यांनी तिला कधी छत्री म्हटलं नाही. शर्यतीबद्दल कधी विचारलंही नाही. आईला मात्र एकदा म्हणताना तिने ऐकलं, "माझ्यापेक्षा पुढची निघाली." ते कौतुक नव्हतं.

भिंगरी सोमवारी कामावर आली. लांबडीने पुठ्ठा सरकवला, तिने उचलला, डिंक लावला. सगळं जिथल्या तिथे. जेवणाच्या सुट्टीत ती दुसऱ्या बाकावर बसली. दुपारी लांबडीने ॲप्रन काढलं आणि आपली अर्धी पाळी सुट्टी घेऊन मैदानावर गेली. पुढच्या वर्षी मुकादम भिंगरीला विचारायला आला, तेव्हा ती म्हणाली, "पाय दुखतात हो," आणि बायका हसल्या, कारण ते तिने त्याच्याच आवाजात म्हटलं होतं.

दोन-अडीच वर्षं अशी गेली. लांबडी जिंकत राहिली. आता मागून येणारं कुणी नव्हतं. पण जेवण जाईना. शेवटी एक दिवस ती डबा घेऊन भिंगरीच्या बाकासमोर जाऊन उभी राहिली. बाकावर आणखी चार-पाच बायका होत्या.

"मला बोलायचंय," लांबडी म्हणाली. "त्या दिवशी मी जे बोलले ते..."

"कुठल्या दिवशी?"

"शर्यतीच्या. मी तुला पळताना म्हणाले ना..."

"काही म्हणालीस होय?" भिंगरीने डब्याचं झाकण लावलं. "मला नाही ऐकू आलं. कानात नुसतं धडधडत होतं. काय म्हणालीस?"

"नको ना. माफी मागायला आलेय मी."

"कशाची ते कळल्याशिवाय माफ कसं करू? सांग की."

बायकांनी खाणं थांबवलं. लांबडीने इकडेतिकडे बघितलं. मग खाली बघून तिने ते वाक्य पुटपुटलं.

"ऐकू नाही आलं. यंत्र चालू आहे पलीकडे."

लांबडीने पुन्हा म्हटलं. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

भिंगरी तिच्याकडे टक लावून बघत होती. "तेव्हाही ऐकलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "पण तेव्हा तुझं तोंड दिसलं नव्हतं. बोलताना कशी दिसतेस ते बघायचं होतं मला. मला वाटायचं, बोलायला जड गेलं असेल तुला." तिने डबा पिशवीत टाकला. "जड नाही गेलं. आताही नाही गेलं."

घंटा झाली. दोघी जागेवर जाऊन बसल्या आणि लांबडीने पहिला पुठ्ठा सरकवला.

त्याच आठवड्यात ती मुकादमाकडे गेली. मला भरणी विभागात, गाड्यांत खोकी चढवायला टाका, म्हणाली, नाहीतर झाडू द्या. मुकादम चकित झाला. "वेडी की काय? तुम्हा दोघींचा हात असा जुळलाय, की अर्ध्या पाळीतही सगळ्या कारखान्यात तुमच्या टेबलाइतकी खोकी कुठे निघत नाहीत. दोन सख्ख्या बहिणींचंही असं जुळत नाही. जा, बस जागेवर."

ती बसली. दुपारपर्यंत भिंगरीच्या तोंडून तिला एकच शब्द ऐकायला मिळायचा. एखादा पुठ्ठा परत सरकवत ती म्हणायची, "वाकडी." घडी कधीकधी खरंच वाकडी असायची, कधीकधी नसायची. लांबडी ती मोडून पुन्हा घालायची.

वर्षाच्या शेवटी फाटकाजवळच्या फलकावर लावायला म्हणून त्यांच्या टेबलाचा फोटो काढायचं ठरलं. फोटोवाला दोघींना खोक्यांच्या ढिगापुढे उभं करून मागे मागे जात म्हणाला, "अशा अंतर ठेवून काय उभ्या आहात? जवळ या." लांबडी जागची हलली नाही. भिंगरी सरकली, टाचा उंचावल्या, आपला डिंकाचा हात लांबडीच्या खांद्यावर ठेवला आणि छान हसली.

फोटो चांगला आला. फाटकातून आत येणारे लोक तो बघून म्हणतात, मैत्रिणी असाव्यात तर अशा.