पोपटाची दृष्ट

आमच्या पोपटाने छातीची पिसं उपटायला सुरुवात केली तेव्हा पहिला संशय शेजारणीवर गेला. "कौतुक करून गेली ना, तिचीच नजर लागली," असं म्हणत सासूबाईंनी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या पिंजऱ्यावरून ओवाळून गॅसवर टाकल्या. सगळं घर खोकत गॅलरीत! पोपट आत शिंकत बसला.

हा करडा आफ्रिकन पोपट आम्ही सासूबाईंसाठीच आणलेला. नवऱ्याच्या नोकरीपायी पुणं सोडून हैदराबादला, बरकतपुऱ्यात आलो. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात आणि सासूबाईंना ना तेलुगू येत, ना धड हिंदी. मग त्या पोपटाशी मराठीत बोलायच्या. पठ्ठ्या असा शिकला की त्यांच्याच आवाजात मला "चहा टाक गं!" म्हणून हुकूम सोडू लागला. एका घरात दोन दोन सासवा, बघा!

पण त्याची छाती पार उघडी पडली, तशी माझी थट्टा बंद झाली. नवरा म्हणाला, "देऊन टाकू एखाद्या पक्षी पाळणाऱ्याला. तिथे सोबत तरी मिळेल."

सासूबाई म्हणाल्या, "तो गेला तर मलाही पुण्याला सोडून ये."

आणि पुण्यातल्या बहिणीला फोन करून त्यांनी तसं कळवूनही टाकलं. भांडायला का होईना, त्या मला घरात हव्या होत्या.

कोठी बाजारातल्या पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट तपासलं. किडे नाहीत, आजार नाही. मग दृष्ट काढल्याचा विषय निघाला आणि बाईंनी कपाळावर हात मारला. "मिर्ची का धुआँ कायकू देते जी इसकू?" पक्ष्यांना धूर अजिबात सोसत नाही म्हणे. पुढे विचारलं, तो पिसं उपटतो तेव्हा तुम्ही काय करता? काय करणार! मी "अरे मेल्या, सोड!" करत धावते, सासूबाई देवाचा धावा करतात, नवरा फोनवर व्हिडिओ काढतो. बाईंना हसू आवरेना. एक पीस उपटलं की अख्खं घर हजर होतंय, मग तो कशाला थांबेल? त्यांनी सांगितलं, रोज अंगावर पाण्याचा फवारा मारा, पुरेसं झोपू द्या, चोचीला फाडायला काहीतरी द्या. आणि उपटायला लागला की तिकडे बघायचं नाही, बोलायचं नाही.

फवारा सोपा होता. गप्प बसणं, आणि तेही आमच्या घरात? मी दात-ओठ खात भांडी घासायचे. फाडायला कागद दिले, मक्याची कणसं दिली. साहेब ढुंकून बघेनात.

एका रविवारी त्याने परत छातीत चोच घातली. सासूबाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि पुण्याहून आणलेल्या बांबूच्या सुपात तांदूळ निवडायला घेतले. त्या सुपाला मलासुद्धा हात लावायची परवानगी नव्हती. त्यांचे डोळे भरून आलेले मला दिसत होते, पण तोंडातून चकार शब्द नाही. पोपट थोडा वेळ थांबला. मग उघड्या पिंजऱ्यातून उतरला, तुरुतुरु चालत आला आणि सुपाच्या कडेवर चढून कामट्या सोलायला लागला. कड् कड् कड्! तांदूळ घरभर.

मी श्वास रोखून उभी. आता गेला हा!

"फाड रे माझ्या राजा," सासूबाई म्हणाल्या, "सगळं फाड." मग नाक पुसत माझ्याकडे वळल्या. "बघत काय उभी राहिलीस? उद्या कोठीतून अजून दोन सुपं आण. आणि पुण्याला फोन करून सांग, मी काही येत नाही."