मामाजींचा लाल गोळा

सासऱ्यांच्या निवडुंगाचं मुंडकं मी कापलं, आणि तेही तत्त्वासाठी.

आर्णीला मी सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, घरी राहतो. घरजावई असं तोंडावर कोणी म्हणत नाही. मामाजी तर कधीच नाही. पण त्यांच्या ओट्यावर यवतमाळच्या नर्सरीतून आणलेलं एक कलमी निवडुंग होतं. खाली हिरवा तिधारी दांडा, त्यावर लिंबाएवढा लालभडक गोळा. येईल त्याला मामाजी कौतुकानं सांगत, "खालचा खाऊ घालते, म्हणून वरच्याचा थाट हाये." पाहुणे निवडुंगाकडे पाहत, मग माझ्याकडे.

मामाजी कळंबला दर्शनाला गेले तेव्हा मी ठरवलं, या गोळ्याला स्वतःच्या मुळांवर उभं करायचं. मोबाइलवर रीत पाहिली. सुरीचं पातं पुसून घ्यायचं, सांध्यावरून कापायचं, काप सावलीत सुकू द्यायचा आणि मग कोरड्या वाळूवर बसवायचं. मी कापलं. व्हिडिओचा शेवट त्यानंतर पाहिला. अंगात हिरवेपणा असेल तर असं निवडुंग वेगळं जगतं. नुसत्या लाल गोळ्याला स्वतःचं अन्न करता येत नाही, दांड्याविना तो मरतो.

घाबरून मी बाभळीचा काटा आणला, दांड्यात खुपसला आणि वर गोळा टोचून ठेवला. निवडुंगात एक काटा जास्त दिसला तर संशय कोणाला येणार?

दुसऱ्या दिवशी मामाजी नेहमीसारखे कुंचल्यानं धूळ झटकायला बसले. कुंचला लागला आणि गोळा टपकन पडून घरंगळत अंगणात गेला. मामाजी त्याच्याकडे नाही, स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले.

"माहे हातच कामाचे नाही राह्यले आता," ते म्हणाले. त्यांची नजर हातांवर आहे तोवर मी दांड्यातला काटा उपटून खिशात घातला.

त्या दिवसापासून ते दाढीसाठी न्हाव्याकडे जाऊ लागले. चहा बशीत ओतून द्यायला लेकीला हाक मारू लागले. त्यांच्यासारखी बारीक सुपारी आमच्या गल्लीत कोणी कातरत नसे. तो अडकित्ताही त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "जवाईबुवा, आता तुमीच कातरत जा." मी कातरलेली सुपारी पाहून बायकोनं विचारलं, रस्त्यावर टाकायची गिट्टी आहे का ही. मामाजींनी मात्र एक खडा निमूटपणे तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले. तक्रार केली नाही. तेच मला सहन झालं नाही.

मी अडकित्ता उचलून त्यांच्या हातात दिला.

"मामाजी, तुमच्या हातानं नाही पडलं थे. मीच कापलतं, अन् बाभळीच्या काट्यानं टोचून ठेवलतं. मले वाटलं, सोताच्या पायावर उभं राहीन. तुमचे हात चांगले हायेत. माफ करा मले, अन् सुपारी तुमीच कातरा."