लुंडेंची पांढरी

लिंडन काउंटीच्या इतिहास मंडळानं आजवर कोणाला 'नको' म्हटलेलं नाही. आमच्या आयोवात कोणाची आजी गेली की माणसं घर आवरतात, चांगलंचुंगलं वाटून घेतात आणि जे एकालाही नको असतं ते 'वारसा' म्हणून मंडळाच्या दारात आणून ठेवतात. मंडळाचं संग्रहालय जुन्या रेल्वे स्टेशनात आहे. रूळ कधीच उखडले, पण तिकिटाच्या खिडकीमागे पायपेट्यांची रांग लागली आहे. चुलीवर तापवायच्या इस्त्र्या तर इतक्या, की सगळ्या काउंटीचे कपडे एका दुपारी व्हावेत. प्रत्येक वस्तूला नंबर चिकटवलेला. नंबर चिकटला की वस्तू पावन झाली.

अशा या मंडळानं एकदाच हात आखडता घेतला, तो आर्डिस ब्रेक्केच्या बाबतीत.

आर्डिस तेव्हा पन्नाशीची होती. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, नवरा शेतकरी, बोलणं बेताचं. रविवारी दुपारी संग्रहालय उघडायचं, कॉफी करायची आणि कपबशा विसळून घरी जायचं, एवढाच तिचा मंडळाशी संबंध. एका वर्षी मेअखेरीस ती गाडीतून येत होती, तर टॉलेफसनांच्या शेतात, कोवळ्या मक्याच्या मधोमध तिला एक गुलाबी ठिपका दिसला. टॉलेफसनांचं घर आदल्या वर्षी पाडलं होतं. घर, गोठा, विहीर, झाडं, सगळं बुलडोझरनं सपाट करून या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत मका लावला होता. आमच्याकडे हे असंच चालतं. शेतं मोठी होत जातात आणि घरं नाहीशी होतात. पण टॉलेफसन आजीनं पायरीशी लावलेली, गड्ड्यातून दरवर्षी फुटणारी पिओनी मात्र नांगराला पुरून उरली होती. ताटलीएवढी फुलं, स्वतःच्या वजनानं मान टाकलेली, आणि कळ्यांवर मुंग्यांची वर्दळ.

आर्डिस चर्चच्या बुटांनिशी चिखलात उतरली. त्या जागी एक काठी रोवली आणि सप्टेंबरात मालकाला विचारून तिनं तो गड्डा खणून आणला.

मंडळाच्या बैठकीत तिनं विषय काढला तेव्हा अध्यक्ष मर्ल फॉस खो खो हसला. मर्ल तिचा शाळासोबती, मक्याचा मोठा शेतकरी, मनानं सरळ आणि बोलायला आडदांड.

"अगं आर्डिस, फूल म्हणजे काय वस्तू आहे का? नंबर कुठे चिकटवायचा?"

"मुंगीच्या पाठीवर चिकटव," आर्डिस म्हणाली.

शेवटी 'नंबराशिवाय' या अटीवर तिला स्टेशनच्या मागची कुंपणालगतची पट्टी मिळाली. तिनं ती भरून काढली. कुठे घर पडायचं आहे असं कळलं की ही फावडं घेऊन हजर. बाकीचे लोक तिथून दाराच्या मुठी आणि पायपेट्या उचलायचे, ही पायरीशी खणत बसायची. ओडेगार्डांची गर्द लाल, ग्युनवॉल्डसनांची फिकी, शाळेच्या हापशाजवळची. प्रत्येकीशेजारी लाकडी खुंटी आणि खुंटीवर त्या घराचं नाव. ती घरं आता नकाशातही नाहीत.

पिओनी वाढली की सप्टेंबरात गड्डा फोडायचा असतो. आर्डिस उसासारखे डोळे मोजून तीन-तीन डोळ्यांचे तुकडे करायची आणि मागेल त्याला फुकट द्यायची. अट एकच. घेताना नाव म्हणायचं.

"कोणाची ही?"

"ओडेगार्डांची."

"पुढे दुसऱ्याला देशील तेव्हा काय म्हणशील?"

"ओडेगार्डांची, म्हणेन बाई! आता दे ना, हात भरून आलेत माझे."

नव्यानं आलेली बिऱ्हाडं, टपाल वाटणारी बाई, मेक्सिकोहून डुकरांच्या फार्मवर कामाला आलेली कुटुंबं, सगळ्यांच्या अंगणात तिचे तुकडे गेले. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आम्ही कॉफीच्या डब्यांत फुलं भरून थडग्यांवर ठेवतो. ज्या घराण्यांचं आता कोणीच उरलं नाही, त्यांच्याही थडग्यांवर त्यांच्याच पायरीची फुलं दिसू लागली, ती हिच्यामुळे. याबद्दल तिला कोणी 'आभारी आहोत' म्हटलं का? छे. आमचे पूर्वज नॉर्वेतून बोटीनं आले तेव्हा बहुधा तेवढा शब्द तिकडेच विसरले. आमच्याकडे कोणी 'वाईट नाही' म्हटलं, तर समजावं की पदक मिळालं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत होती आणि कोणी बोलत नव्हतं. ओळीच्या टोकाला एक पांढरी पिओनी होती, आत किंचित लाल शिंतोडा असलेली. ती आर्डिसच्या माहेरची, लुंडेंची. तिच्या आईनं लावलेली. लुंडेंचं घरही पडलं होतं आणि आईचं म्हणावं असं आर्डिसकडे तेवढंच उरलं होतं. ती पांढरी तिनं कधी फोडली नाही. कोणी मागितलीच तर "अजून लहान आहे गं, पुढच्या वर्षी बघू," असं म्हणायची. ती चांगली कमरेएवढी झाली तरी लहानच होती.

आर्डिसनं ऐंशी ओलांडली, नवरा गेला, गुडघा दुखायला लागला. त्या हिवाळ्यात ती ऑपरेशनसाठी ॲरिझोनाला लेकीकडे गेली. इकडे मर्लनं मंडळाच्या निवृत्त शेतकऱ्यांना गोळा केलं. "इतकी वर्षं राबतेय बिचारी. ती येईपर्यंत तिला काहीतरी करून दाखवू." वाफेवरचं जुनं मळणीयंत्र उघड्यावर गंजत होतं, त्याच्यावर शेड हवी असं आर्डिसच नेहमी म्हणायची. बर्फ वितळल्याबरोबर ही मंडळी कामाला लागली. ज्यांच्या बायका घरात साधा दिवा बदलायला सांगून थकतात, त्या गृहस्थांनी महिन्याभरात शेड उभी केली. फरशी ओतली, पत्रे लाल रंगवले.

एप्रिलअखेर आर्डिस काठी टेकत आली, तेव्हा सगळे टोप्या हातात धरून उभे होते.

"वाईट नाही ना?" मर्ल म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

आर्डिस शेडकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मर्ल, माझी ओळ कुठे गेली?"

"कसली? ती फुलांची? अगं, खुंट्या सगळ्या नीट काढून पुसून ठेवल्यात मी. यंदा तू शेडच्या दक्षिणेला पेर. ऊन चांगलं आहे."

पिओनी हिवाळ्यात जमिनीवर औषधालाही उरत नाही, गड्डा तेवढा मातीखाली जिवंत असतो. मर्लनं जन्मभर मका केला. त्याच्या हिशेबी मार्चमध्ये मोकळी दिसणारी जमीन म्हणजे पेरणीची वाट बघणारी जमीन, आणि बांधावरच्या नावाच्या खुंट्या म्हणजे बियाणं कंपनीच्या पाट्या, हंगाम संपला की उपटून कोठारात ठेवायच्या. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आर्डिस दर वसंतात नवी फुलं पेरते! करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

"त्या पेरत नाहीत, मर्ल," ती म्हणाली. "त्या तिथेच असतात. फरशीसाठी खणलेली माती कुठे टाकलीत?"

"पुलाच्या भरावात," तो म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरलं. "वर खडी घातली... आर्डिस?"

"शेड छान झालीय," आर्डिस म्हणाली. "कॉफी कोणाकोणाला हवी?"

तिनं कॉफी केली, सगळ्यांना दिली, कपबशा विसळल्या आणि घरी जाऊन ती पोटभर रडली. ओडेगार्डांसाठी रडली, टॉलेफसनांसाठी रडली, पण खरी रडली ती आईच्या पांढरीसाठी. बाकीच्या कोणाच्या ना कोणाच्या अंगणात असतील. हिचा एक तुकडा जरी कोणाला दिला असता! आपल्याच हातानं आपण आईला एकटं ठेवलं, असं तिला वाटलं.

मर्लनं काय केलं? पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात, सगळे केक खात असताना, तो उभा राहिला. भर सभेत आपली चूक कबूल करणारा माणूस आमच्याकडे विरळा. "मला तो मका वाटला," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. कोणी हसलं नाही.

मेच्या त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी आर्डिसला बोलावणं आलं. ती आली तर शेडच्या दक्षिणेला नांगरून भुसभुशीत केलेली लांब पट्टी, आणि रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. लोक बादल्या घेऊन आले होते, टर्की भाजायची ताटं घेऊन आले होते, एक बाई तर बाळाच्या टबात गड्डा घेऊन उभी होती. आर्डिसनं कपाळाला हात लावला.

"अरे देवा, मे महिन्यात खणतात का कधी? सप्टेंबर म्हणून घसा कोरडा केला मी! दोन वर्षं रुसतील आता."

"रुसू देत," टपालवाली म्हणाली. "आम्ही काय कुठे पळून चाललोय?"

मग एकेक जण पुढे येऊ लागला. आर्डिस विचारायच्या आधीच जो तो नाव म्हणत होता. "टॉलेफसनांची." "शाळेच्या हापशाची." फार्मवरची लूपे आपल्या तीन मुलींना घेऊन आली होती. मुलींनी एका दमात सांगितलं, "ग्युनवॉल्डसनांची!" त्या नावाचा एकही माणूस पाहिलेला नव्हता पोरींनी, पण नाव कसं खणखणीत. आर्डिसला भरून आलं. इतक्या लोकांनी इतकी वर्षं आपलं म्हणणं खरंच मनावर घेतलं होतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

मर्ल कोठारातून खुंट्या घेऊन आला होता. नाव पुकारलं की तो त्या नावाची खुंटी ठोकायचा. ओळ भरत गेली. शेवटी त्याच्या हातात एकच खुंटी उरली. त्यानं ती उलटून पाहिली.

"लुंडे," तो म्हणाला. "लुंडेंची कोणी आणलीय?"

लोकांनी रिकाम्या बादल्या खाली ठेवल्या.

"कोणाकडे नाहीच ती," आर्डिस म्हणाली. "मी कोणाला दिलीच नव्हती. ठेव ती खुंटी, मर्ल."

मर्ल खुंटीकडे बघत राहिला. मग टोपी डोक्यावर घातली आणि गाडीत बसून निघून गेला. बिचाऱ्याला सोसलं नाही, असं सगळ्यांना वाटलं. लोकांनी टेबलं मांडली, हॅमचे सँडविच वाटले. आर्डिसचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं.

जेवणं आटोपत आली आणि रस्त्यावरून धडधड ऐकू आली. मर्लचं लोडर होतं ते, पुढे अवजड लोखंडी सुपडं असलेलं. बैलगाडीच्या चालीनं येत होतं आणि मागे गाड्यांची वरात तुंबली होती. सुपड्यात गाडाभर माती होती आणि मातीत, एक पाकळी न हलवता, झुडूपच्या झुडूप उभं होतं. फुललेलं. पांढरं, आत किंचित लाल शिंतोडा.

आर्डिसच्या हातातली काठी पडली.

"मेल्या!" ती ओरडली. "फुललेली कोणी खणतं का रे!"

मर्ल खाली उतरला. "आमच्या दूधघराच्या मागे होती. मी तिला वळसा घालून गवत कापत आलोय, पन्नास वर्षं. कापणारच होतो एकदा, तर आई काठी घेऊन धावली होती अंगावर. ती तुझ्याच फुलांपैकी, हे डोक्यातच आलं नाही कधी. आज खुंटी हातात घेतली तेव्हा आठवलं. आई तिला नुसतं फूल कधी म्हणायची नाही."

"मग काय म्हणायची?"

"लुंडेंची पांढरी. तुझ्या आईनं दिली होती तिला, माझ्या जन्माच्या वर्षी. देताना नाव म्हणून घेतलं होतं म्हणे."

म्हणजे ती अट आर्डिसची नव्हतीच. तिला वाटत होतं आपण एक रीत पाडली, आणि ती तर आईचीच निघाली. आईनं आपली पांढरी फोडून केव्हाच वाटली होती. लेकीसारखी चिकटून बसली नव्हती.

आर्डिस रडत होती आणि हसत होती. आमच्या काउंटीत कोणी कोणाला मिठी मारत नाही. तिनं मर्लला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी आभारी आहे. तुझी, आणि तुम्हा सगळ्यांची." लोक एकमेकांच्या बुटांकडे बघू लागले. कोणीतरी म्हणालं, "वाईट नाही."

त्या सप्टेंबरात, गड्डा पुरता रुजलाही नव्हता, तरी आर्डिस फावडं घेऊन बसली. मंडळातल्या पोक्त माणसांनी सांगून पाहिलं, की बाई, एक-दोन वर्षं दम धर. तिनं ऐकलं नाही. पहिला तीन डोळ्यांचा तुकडा तिनं मर्लसमोर धरला, पण सोडला नाही.

"कोणाची ही?"

"लुंडेंची."

"आणि दिली कोणी?"

"तू," मर्ल म्हणाला.

"नाही," आर्डिस म्हणाली. "तुझ्या आईनं." आणि तिनं तुकडा त्याच्या हातात सोडला.