गोळीनं उतरलेला ताप

आमोद दाबकेला स्वतःच्या अंगाची लाज पहिल्यांदा वाटली ती सातवीत, आणि तीही बरा झाल्याबद्दल. स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याला सणकून ताप भरला. आईनं कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या, वडिलांनी डॉक्टरांना घरी बोलावलं. परीक्षा बुडाली. दुसऱ्या दिवशी, पेपर सुटायच्या सुमाराला, मुलगा अंथरुणातून उठला आणि म्हणाला, "आई, भूक लागलीय."

वडिलांनी थर्मामीटर झटकून डबीत ठेवला. "वा," ते म्हणाले. "ताप वेळेचा पक्का आहे."

तो ताप पुढे येतच राहिला. दहावीच्या तोंडी परीक्षेला आला, कॉलेजात प्रॅक्टिकलला आला, बँकेच्या मुलाखतीलाही आला. मुलाखतीत साहेबांनी हात पुढे केला आणि आमोदचा हात लागताच चटकन मागे घेतला. अंग तापलेलं आणि पंजे बर्फासारखे गार. तरी नोकरी मिळाली. एका सहकारी बँकेची पेठेतली शाखा, मुदत ठेवींचा काउंटर. लग्न झालं, धायरीला फ्लॅट घेतला. माणूस कामाला चोख, बोलायला मऊ. पण ऑडिट जवळ आलं की दोन दिवस आधीपासून अंग तापायला लागायचं. टायफॉइड, मलेरिया, क्षय, सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट 'नॉर्मल' आला की लोकांना बरं वाटतं. आमोदला तो हातात घेताना कुणीतरी चोरी पकडल्यासारखं वाटायचं.

मॅनेजर एकदा सगळ्यांसमोर म्हणालेच, "दाबके, तुमचा ताप ऑडिटचं पत्र वाचून येतो का हो?"

हसला नाही तो एकटा श्यामसुंदर सप्रे. सप्रे शेजारच्या काउंटरवर बसायचे, निवृत्तीला थोडाच काळ उरलेला. जीभ कात्रीसारखी, पण ती आमोदवर कधी चालली नाही. त्या दिवशी त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "आमोद, रक्त तपासून झालं असेल तर आता एखाद्या विचार करणाऱ्या डॉक्टरकडे जा."

सिंहगड रोडला डॉ. नीरजा लेले यांचा दवाखाना होता. त्यांनी रक्तदाब मोजला, भलताच वाढलेला निघाला. मग त्याला आठवडाभर घरी मोजायला सांगितला. घरी अगदी बेताचा. गप्पा मारत मारत त्यांनी त्याच्याकडून सातवीपासूनचं सगळं काढून घेतलं.

"मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग असतो," त्या म्हणाल्या. "अंग किती गरम ठेवायचं, ते तो ठरवतो. जंतू शिरले की तो आकडा वर नेतो, आणि तापाची गोळी तो आकडा खाली आणते. तुमच्या तापात आकडा जागेवरच असतो. पण ऑडिटर आला की तुमच्या मेंदूला वाटतं, जिवावर बेतलंय. मग तिथूनच नसांवाटे हुकूम सुटतात. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळा, ऊब बाहेर जाऊ देऊ नका. म्हणून हात गार. हृदय जोरात चालवा. म्हणून दाब वर. उष्णता तयार करणारी थोडी चरबी असते अंगात, तीही पेटवा. पळायचं किंवा भिडायचं असेल तर ही तयारी उत्तमच. पण तुम्ही बसलेले काउंटरवर. पळणार कुठे?"

"म्हणजे ताप खोटा?"

"थर्मामीटर कशाला खोटं बोलेल? ताप खरा आहे. फक्त त्याला गोळी लागू पडत नाही. आता हे नीट ऐका. कधी गोळीनं उतरला, तर तो तुमचा नेहमीचा ताप नाही असंच धरायचं. घरी बसायचं आणि मला फोन करायचा. नुसती शंका आली तरी."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आमोदला हलकं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. मेंदूतून येणारा ताप, हे ऑफिसात सांगायचं कसं? लोक म्हणणार, डोक्यावर परिणाम झालाय. त्यानं फक्त बायकोला, पूर्वाला सांगितलं, आणि सप्र्यांना.

सप्रे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आडनावात दाब, अंगात ताप. तुला बढती बँकेला जपूनच द्यावी लागणार, नाहीतर कुकरसारखी शिट्टी व्हायची." आणि त्यानंतरच्या प्रत्येक ऑडिटला, आमोदच्या काउंटरचे पहिले प्रश्न ते स्वतःकडे ओढून घ्यायला लागले.

मग करोना आला. बँका चालूच होत्या. दारात कोंडीराम, लोणी काळभोरचा वॉचमन, ताप बघायची बंदूक घेऊन उभा. आमोदला त्या बंदुकीचीच धास्ती बसली, आणि धास्ती बसली की काय होणार ते ठरलेलंच होतं. बाहेर ग्राहकांची रांग, आणि कोंडीराम मोठ्यानं म्हणाला, "सायेब, लाल दिवा लागतुय!" रांग दोन पावलं मागे सरकली. आमोदला घरी पाठवलं, शाखेत फवारणी झाली, तपासणी केली तर काही नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'आजचे ताप-मान: दाबके.' खाली हसरे चेहरे. आमोदनंही एक हसरा चेहरा टाकला. रात्री पूर्वानं विचारलं, जेवला का नाहीस, तर म्हणाला, भूक नाही.

शेवटी सप्रे मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. डॉक्टरांचं सर्टिफिकेट दाखवलं आणि म्हणाले, "त्याला मागच्या दारानं येऊ द्या, थोडा वेळ बसू द्या, मग पुन्हा मोजा. मी जबाबदार." असं ठरलं. मागच्या दाराशी एक खुर्ची आली. आमोद रोज तिथे मान खाली घालून बसायचा आणि अंग निवण्याची वाट बघायचा.

दुसऱ्या लाटेच्या सुरुवातीला, मार्चअखेरीस, ऑडिट आलं. त्या दिवशी सकाळी आमोद उठला तो कणकण घेऊनच. थर्मामीटरवर शंभराच्या वर. सांधे जरा दुखत होते, पण तो म्हणाला, रात्री झोप कुठे लागलीय.

"जाऊ नकोस ना," पूर्वा म्हणाली.

"ऑडिट आहे म्हणून तर आलाय ताप. आज नाही गेलो तर काय म्हणतील, तुला माहितीये."

त्यानं एक गोळी घेतली. का घेतली, ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. पूर्वाच्या समाधानाला, बहुधा. स्कूटरवरून दांडेकर पुलापर्यंत येईतो त्याला घाम फुटला, अंग मोकळं झालं. बँकेपाशी पोचला तेव्हा त्यानं मागचं दार सोडून दिलं आणि सरळ पुढच्या दारात कोंडीरामसमोर कपाळ केलं.

हिरवा दिवा.

"आज बेस हाय की सायेब!" कोंडीराम म्हणाला.

इतक्या महिन्यांनी आमोद चारचौघांसारखा पुढच्या दारानं आत गेला. आणि आत पाऊल टाकताना त्याला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. अस्पष्ट नाही, चांगलं शब्दन् शब्द आठवलं. गोळीनं उतरला तर तो नेहमीचा नाही. क्षणभर तो थांबलाही. मग मनात म्हणाला, आपोआप उतरला असेल. आज हिरव्या दिव्यानंतर मागे फिरून, मला ताप होता हो, असं सांगायचं? ते त्याच्यानं झालं नाही.

दुपारी ऑडिटर जेवायला बाहेर गेला. सप्रे खुशीत होते. "आज गडी पुढच्या दारानं आला! चल, मागच्या खोलीत बसू. आमच्या कौशल्यानं भरली वांगी दिलीयत, तुझ्या वाटणीची धरून." खोलीला खिडकी नव्हती. दोघांनी मास्क उतरवले. एकाच डब्यातून खाल्लं, हसले, बराच वेळ बोलले.

संध्याकाळी घरी चहाला वास येईना.

आमोदला करोना निघाला. चार दिवसांनी सप्र्यांनाही, किरकोळ. आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या बायकोला, कौशल्याबाईंना. कौशल्याबाई रोज पहाटे पर्वती चढणाऱ्या, पण दमा होता. शहरात बेड मिळत नव्हता. सप्र्यांनी स्वतः आजारी असताना दिवसभर फोन लावले, तेव्हा कुठे रात्री एका हॉस्पिटलात जागा झाली. ऑक्सिजन लावला.

आमोद घरातल्या बंद खोलीत पडून होता. सप्र्यांचा फोन आला तेव्हा तो कसाबसा म्हणाला, "माझ्यामुळे झालं, साहेब."

"वेडा आहेस का? काउंटरवर दिवसाला किती माणसं येतात. कुणाकडून आलं, देवाला ठाऊक. तू तर त्या दिवशी चांगला होतास, कोंडीरामनं बघितलं होतं की."

आमोदनं गोळीचं सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर त्याचे हात गार पडले, कानशिलं ठणकायला लागली. दाराबाहेरून पूर्वानं गोळी घे म्हणून सांगितलं. त्यानं घेतली नाही. या तापाला ती लागू पडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

कौशल्याबाई वाचल्या. तीन आठवड्यांनी घरी आल्या, पण स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत यायला त्यांना मध्ये टेकावं लागायचं. शाखेत सगळे म्हणाले, निभावलं बिचाऱ्यांचं. आमोदला कुणी काही विचारलं नाही. गोळीचं फक्त पूर्वाला माहीत होतं.

"सांगितलंच पाहिजे का?" तो तिला म्हणाला.

"मी काय सांगू? पण तू आरशात बघून दाढीसुद्धा करत नाहीयेस."

जूनमध्ये एका रविवारी तो नारायण पेठेत सप्र्यांच्या घरी गेला. दार सप्र्यांनीच उघडलं. "ये, ये. अरे, किती वाळलास!"

आमोद बसला नाही. उभ्याउभ्याच बोलला, कारण बसलो तर उठून जाईन अशी त्याला भीती होती. सकाळचा ताप सांगितला. गोळी सांगितली. दारात डॉक्टरांचं वाक्य आठवलं, तेही सांगितलं.

सप्रे खुर्चीत टेकले.

"गोळीनं उतरला होता."

"हो."

"आणि त्याचा अर्थ ठाऊक होता."

"हो."

"मग डबा तरी वेगळा खायचात, दाबके."

आतून कौशल्याबाईंचा धाप लागलेला आवाज आला, "कोण आलंय हो?"

"बँकेतले आहेत," सप्रे म्हणाले. मग आमोदकडे वळून म्हणाले, "आपण बसा. चहा घेऊन जा."

चौदा वर्षं 'अरे आमोद' म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून ते 'आपण' ऐकलं, आणि आमोदला वाटलं, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा त्यानं घेतला. घोट गिळताना घसा भाजला, तरी थांबला नाही.

महिनाभरानं सप्रे निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी सगळ्यांची नावं घेऊन आभार मानले. आमोदचंही घेतलं, 'श्री. दाबके' असं. त्यानंतर आमोदनं आपणहून मॅनेजरांना आणि कोंडीरामला सगळं सांगून टाकलं. ग्रुपवर यावेळी कुणी विनोद केला नाही, आणि ते जास्त टोचलं. अंग थोडं जरी तापलं तरी तो आता घरी राहतो, फोन करून खरं कारण सांगतो. त्यात पगारी रजा संपतात. डॉ. लेल्यांनी श्वासाचे व्यायाम दिलेत, एक समुपदेशक सुचवलेत. ताप पूर्वीइतका येत नाही. लाज मात्र कुठल्याही उपायाला दाद देत नाही.

त्या दिवाळीच्या आधी एका दुपारी कौशल्याबाईंचा फोन आला. आमोद काउंटरवरून उठून जिन्यात गेला.

"ह्यांनी मला सगळं सांगितलंय," त्या म्हणाल्या. मध्ये श्वास घेतला. "मी विसरणार नाहीये. उगाच माफ केलं म्हणून खोटं कशाला बोलू?"

"नाही, वहिनी."

"पण तुम्ही येत जा. हे कुणाशी बोलत नाहीत आजकाल. मी थोडं बोलते ते दम लागतो म्हणून. हे थोडं बोलतात ते रागानं. तुम्ही आलात तर निदान राग तरी काढतील."

खाली कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं.

"रविवारी येऊ?" त्यानं विचारलं.

"या. जेवायला नाही म्हणत. नुसते या."

रविवारी तो गेला. सप्र्यांनी दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत जाऊन पेपर उघडला. आमोद समोरच्या खुर्चीत तासभर बसून राहिला. निघताना त्यानं "येतो" म्हटलं. पेपरामागून "हं" आलं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला.