गळालेल्या बायका

"खुर्ची कशाला शोधतेस? उभीच राहा. दोन मिनिटांचं काम आहे."

वाशिमच्या त्या हॉलमध्ये खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी मी उभी राहिले. समोर शहरातून आलेले मोठे डॉक्टर. संशोधन त्यांचं. मी मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरची, त्यांच्यासाठी दारोदार फिरून गरोदर बायकांचे फॉर्म भरणारी.

मी एवढंच विचारलं होतं, "सर, ज्या बायकांनी मधेच सोडलं, त्या मोजणीत काहून नाहीत?"

डॉक्टर बाकीच्यांकडे बघून हसले. "घ्या. आता तांडा आपल्याला संख्याशास्त्र शिकवणार." सगळे हसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुझं काम फॉर्म भरायचं. डोकं आम्ही लावतो."

मी "सॉरी सर" म्हटलं. हो, म्हटलं. त्यांच्या हसण्यापेक्षा ते सॉरी मला जास्त लागलं.

कारंज्याच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. रोज एसटीनं जाऊन-येऊन. नोकरीच्या अर्जात लिहिलंही होतं. कुणी वाचलं नसावं.

संशोधन रक्त वाढवायच्या गोळीचं होतं. अर्ध्या बायकांना नवी गोळी, अर्ध्यांना नेहमीची. कुणाला कोणती, ते चिठ्ठी ठरवायची. शेवटी सगळ्यांचं रक्त तपासायचं. अहवालात नवी गोळी सरस ठरली होती. पण शेवटच्या तपासणीला ज्या आल्या नाहीत, त्यांना वगळूनच. यादीत त्यांच्या नावापुढं एक शब्द. 'गळाली.' कारण सगळ्यांचं एकच. 'स्थलांतर.'

परतीच्या बसमध्ये मी यादी मांडीवर घेतली. कुणाला कोणती गोळी, तेही तिच्यात होतं. एकेका नावाला खूण करत गेले. नवी. नवी. नेहमीची. नवी. नवी. नवी.

मी थांबले. ऊसतोडीला तर दोन्हीकडच्या बायका गेल्या होत्या. ऊस काही गोळी बघून बोलावत नाही. मग नवी गोळी घेणाऱ्याच एवढ्या काहून गळाल्या?

ललिताला फोन लावला. आमच्याच तांड्यावरची. तोडीवर होती, पोट सातव्या महिन्याचं. आम्ही आमच्या बोलीत बोललो, इथं वऱ्हाडीत सांगते.

"तोडीवर येन्याच्या आंधीच सोडली मी गोळी," ती म्हणाली. "खाल्ली का उलट्या. पोटात आग. दोन-दोन दिवस भाकर पोटात राहे ना."

"सांगतलं काहून नाई?"

"तुलेच सांगतलं होतं. तू लिवलं काय?"

तिनं सांगितलं होतं. फॉर्मात त्याला रकाना नव्हता, म्हणून मी नुसतं "बरं" म्हणून पुढच्या घरी गेले होते. तिच्या तोंडून आलेली गोष्ट पुसणारी पहिली मीच.

पुढं आठवडाभर फोन लावले. बायका बदलत, उलट्या त्याच. एकीनं तर गोळ्या चुलीत टाकल्या होत्या. सगळं नावानिशी, तारखेनिशी लिहिलं आणि डॉक्टरांपुढं ठेवलं.

त्यांनी वाचलं नाही. "हे मुदतीनंतरचं आहे." दुसरा कागद सरकवला. सगळ्या बायका केवळ स्थलांतरामुळे गळाल्या, हे मी स्वतः पडताळलं, असं त्यावर छापलेलं. "इथं सही कर. पुढच्या कामालाही तुलाच घेऊ."

या वेळी मी खुर्ची ओढली आणि बसले.

"सही नाई करत मी. चिठ्ठीनं जिच्या वाट्याले जे गोळी आली, तिले त्याच गोळीत मोजा लागते. टिकली तरी, सोडली तरी. नाईतर त्रास झालेल्या बाहेर, बऱ्या झालेल्या आत. मंग कोनतीबी गोळी चांगलीच दिसन."

"तू कुणाशी बोलतेस, कळतंय?"

"कळते सर. म्हनूनच फॉर्माच्या झेरॉक्स आंधीच काढून ठेवल्या."

दुसऱ्या दिवशी काम गेलं. संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीला मी पत्र लिहिलं. फॉर्मच्या झेरॉक्स जोडल्या. ललिताचं म्हणणं जोडलं, तिला विचारून. 'तू लिवलं काय?' हा तिचा प्रश्नही लिहिला, मी लिहिलं नव्हतं तेही लिहिलं. कितीतरी महिने काही नाही. मग चौकशी झाली, गळालेल्या बायका धरून पुन्हा मोजणी झाली. नवी गोळी सरस उरली नाही. अहवाल मागं घेतला.

डॉक्टर अजून डॉक्टरच आहेत. मला कुणी परत बोलावलं नाही. मी वाट पाहत नाही.

मागच्या महिन्यात तांड्यावर दुसऱ्या संशोधनाची टीम आली, रक्तातल्या साखरेच्या औषधासाठी. बायका जमल्या. मी फॉर्म मागून घेतला आणि सगळ्यांपुढं आमच्या बोलीत मोठ्यानं वाचला. मग टीमच्या बाईंना विचारलं, "औषधाचा त्रास झाला तर तो कुठं लिवसान? मधेच सोडलं तर तिले कशात मोजसान?"

"ते वर ठरतं, ताई."

"मंग वर जाऊन इचारून या. लेखी आना. तोवर इथल्या एकाही बाईच्या दंडाले सुई लागनार नाई."

बायका उठल्या. मीही उठले. फॉर्म टीमच्या बाईंच्या हातात कोराच परत दिला.